घाई नसलेलं इंजिन

साडेतीनशे अश्वशक्ती. आज हा आकडा एखाद्या महागड्या मोटारीच्या जाहिरातीत शोभेल, आणि ती मोटार पाच-सहा सेकंदांत शंभरचा वेग गाठेल. ब्रिटिश रेल्वेनं १९५२ सालापासून नेमक्या एवढ्याच ताकदीची रेल्वे इंजिनं बांधायला घेतली. वजन प्रत्येकी सुमारे पन्नास टन आणि वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर. थोडा जोर लावला तर सायकलवाला यांना मागं टाकेल. तरीही १९६२ पर्यंत अशी ९९६ इंजिनं बांधली गेली. डार्बी, क्रू, डार्लिंग्टन, डॉनकॅस्टर, हॉरविच अशा पाच कारखान्यांत काम वाटून दिलं होतं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या कुठल्याही जातीची डिझेल इंजिनं एवढ्या संख्येनं निघाली नाहीत. पुढं १९७०च्या दशकात संगणकात नोंदी करायच्या म्हणून या जातीला 'क्लास ०८' हा क्रमांक मिळाला. रेल्वेवेडे मात्र तिला 'ग्रॉंक' म्हणतात.

हे शंटिंगचं इंजिन. दौंडवरून मनमाडकडे गेलेल्या जुन्या प्रवाशांना शंटिंग वेगळं सांगायला नको. पुण्याहून आलेली गाडी दौंडला थांबायची, इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून मागं जायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. तेवढ्यात चहा, वडा आणि 'आता गाडी उलटी जाणार' यावरची चर्चा उरकायची. ते झालं शंटिंगचं सर्वांत सोपं रूप. खरं शंटिंग मालगाडीच्या यार्डात चालतं. पन्नास वॅगनची गाडी येते. त्यातल्या आठ एका गावच्या, बारा दुसऱ्या गावच्या, तीन नादुरुस्त. त्या तोडायच्या, सांधे बदलत वेगवेगळ्या रुळांवर ढकलायच्या आणि नव्या गाड्या जुळवायच्या. दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं. अंतर बघाल तर काहीशे मीटर, आणि वेग हवाच कशाला? आपल्या रेल्वेच्या नियमांतही शंटिंगला ताशी १५ किलोमीटरची मर्यादा आहे आणि स्फोटकांच्या वॅगन असतील तर ८ ची.

म्हणजे या इंजिनाकडून तीन गोष्टी हव्यात. जड ओझं जागचं हलवणं, हवं तिथं हळूच थांबणं, आणि पुढचं काम येईपर्यंत गप उभं राहणं. तिसऱ्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण डिझेल शंटर जन्माला आला तो तिच्यामुळे.

वाफेच्या इंजिनाला उभं राहणं परवडत नाही. काम असो नसो, भट्टी पेटती ठेवावी लागते. ती विझली तर पुन्हा वाफ धरायला कित्येक तास जातात. मध्येच पाणी घ्यायचं, राख काढायची. शिवाय ड्रायव्हर आणि फायरमन अशी दोन माणसं लागतात. मेन लाइनवर धावताना हा खर्च मैलांमध्ये वाटला जातो. यार्डात मैलच होत नाहीत. म्हणून १९३०च्या दशकात ब्रिटनच्या एल.एम.एस. रेल्वेनं डिझेलचे प्रयोग सुरू केले ते आधी शंटिंगमध्ये, एक्सप्रेस गाड्यांमध्ये नव्हे. 'इंग्लिश इलेक्ट्रिक' कंपनीच्या साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनांनी तिथं बस्तान बसवलं. एका माणसाच्या हाती दिलेलं हे यंत्र दिवसरात्र काम करू शकायचं. १९५२ चं इंजिन त्यांचाच थेट वारस. नवं म्हणावं असं त्यात फार थोडं होतं आणि माझ्या मते तीच त्याची मोठी हुशारी. त्याच सुमारास ब्रिटिश रेल्वेनं मेन लाइनसाठी घाईघाईनं मागवलेल्या काही डिझेल जाती दहा वर्षंही टिकल्या नाहीत.

आता मूळ कोड्याकडे. मोटारीएवढ्या ताकदीत शेकडो टनांची मालगाडी हलते कशी?

आपण 'ताकद' आणि 'जोर' हे शब्द सरमिसळ वापरतो. इथं ते वेगळे करायला हवेत. अश्वशक्ती म्हणजे नुसता जोर नव्हे. अश्वशक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. हाती असलेली अश्वशक्ती कशी खर्च करायची ते तुम्ही ठरवायचं: थोडा जोर आणि खूप वेग, किंवा प्रचंड जोर आणि मुंगीचा वेग. घाटात एसटीचा ड्रायव्हर गिअर खाली आणतो तेव्हा हेच करत असतो. इंजिन तेच, ताकद तीच, पण वेग देऊन तो जोर विकत घेतो.

क्लास ०८ हा सौदा टोकाला नेतं. इंजिनाच्या ३५० अश्वशक्तीपैकी चाकांपर्यंत सुमारे २६० पोहोचतात. बाकीच्या जनित्रात, मोटारींत, पंख्यांत आणि कॉम्प्रेसरमध्ये खर्ची पडतात. एवढ्यावर हे इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त १६ टनांच्या आसपास जोर लावतं. गुणाकार उलटा केला की कळतं, एवढा जोर ताशी साडेचार किलोमीटरपर्यंतच मिळणार. माणूस रमतगमत चालतो तेवढा वेग. ताशी १४ किलोमीटरला जोर ५ टनांवर येतो आणि कमाल वेगाला तर जेमतेम ३ टन उरतो. पण तोवर वॅगन गडगडायला लागलेल्या असतात. सपाट रुळावर एकदा चालत्या झालेल्या वॅगनला टनामागं काही किलोंचाच जोर पुरतो, कारण लोखंडावर लोखंड फार कमी घासतं. अवघड असतं ते पहिलं हलवणं.

हा जोर-वेगाचा बदल घडवायला गिअरबॉक्स नाही. डिझेल इंजिन जनित्र फिरवतं, जनित्राची वीज दोन मोटारींना जाते आणि मोटारी चाकं फिरवतात. डिझेलला जागच्या जागी जोर लावता येत नाही. ते आधी फिरतं असावं लागतं, म्हणून ट्रकला क्लच लागतो. या विजेच्या मोटारींचा स्वभाव बरोबर उलटा. त्या थांबलेल्या असतात तेव्हाच सर्वाधिक प्रवाह ओढतात आणि सर्वाधिक पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतात. वेग वाढेल तसा पीळ आपोआप उतरतो. शंटिंगला हवा अगदी तसाच स्वभाव. त्यात मोटार आणि चाक यांच्यामध्ये जवळजवळ २४ ला १ असं गिअरचं प्रमाण आहे, म्हणजे मोटार चोवीस फेरे मारते तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. ब्रिटनमध्ये गिअरबॉक्सवाले छोटे शंटरही होते. २०४ अश्वशक्तीचं क्लास ०३ तसलंच. हलक्या कामाला ते ठीक, पण तासन्‌तास जड वॅगन खेचायला वीजच बरी.

अर्थात फुकट काहीच नसतं. १६ टनांचा जोर लावताना मोटारींतून जो प्रवाह वाहतो त्यानं त्या झपाट्यानं तापतात. तो जोर काही मिनिटांपुरता. सलग लावायचा तर ५ टनांवरच थांबावं लागतं. नवख्या ड्रायव्हरला आधी हे शिकायचं असतं: इंजिन ओढतंय म्हणून ओढायला लावत राहायचं नाही.

जोराची दुसरी मर्यादा चाक आणि रूळ यांच्यामधली. मोटार कितीही दांडगी असली तरी चाक घसरलं की खेळ खलास. कोरड्या रुळावर इंजिनाला साधारण आपल्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत जोर लावता येतो. पन्नास टनांचा एक तृतीयांश म्हणजे सोळा-सतरा टन. आधीचा १६ टनांचा आकडा कुठून आला ते इथं उलगडतं. शंटिंग इंजिनाचं वजन हे ओझं नाही, भांडवल आहे. दव पडलेल्या किंवा तेलकट रुळावर मात्र हे भांडवल निम्म्यावर येतं. मग ड्रायव्हर चाकांपुढं वाळू सोडतो.

म्हणूनच या इंजिनाला वाफेच्या जमान्यातले वाटणारे दांडे आहेत. चाकांच्या तीन जोड्या, म्हणजे तीन आस. त्यांपैकी पुढच्या आणि मागच्या आसाला मोटार आहे, मधल्याला नाही. तिन्ही आस बाहेरून पोलादी दांड्यांनी जखडलेले. यामुळे दोन मोटारींत तिन्ही आसांचं वजन कामाला येतं आणि एखादं चाक एकटंच घसरून गरगरत बसत नाही. घसरलीच तर सहाही घसरतील. टोकाच्या आसांमधलं अंतर फक्त साडेतीन मीटर, त्यामुळे गोदीतली, कारखान्यातली साठेक मीटर त्रिज्येची वळणंही हे इंजिन घेतं.

किंमत मोजावी लागते ती प्रवासात. दांडे आणि तो जबर गिअर यांमुळे हे इंजिन वेगानं ओढून नेता येत नाही. दुरुस्तीला दूरच्या कारखान्यात न्यायचं तर दांडे काढून ठेवून मालगाडीच्या मागं हळूहळू न्यायचे. आता ते सरळ लांबलचक ट्रेलरवर चढवून रस्त्यानं नेतात. रेल्वेचं इंजिन हायवेवरून रुबाबात चाललंय आणि खाली रूळ नाहीत, हे दृश्य मला नेहमी गमतीचं वाटतं.

आता केबिनमध्ये डोकावू. केबिन एकाच टोकाला, पुढं लांब नाक, त्यात इंजिन. मेन लाइनचा ड्रायव्हर समोर बघतो; शंटिंगच्या ड्रायव्हरची मान कायम खिडकीबाहेर. त्याचं लक्ष रुळांजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातांकडे असतं. तो माणूस कधी डावीकडे, कधी उजवीकडे. म्हणून ताकदीचा दांडा आणि ब्रेक दोन्ही बाजूंना दिले आहेत. ड्रायव्हरनं फक्त सरकून बसायचं. आपल्याकडेही भाषा हातांचीच आहे. हात किंवा हिरवी झेंडी सावकाश वर-खाली केली की 'माझ्यापासून लांब जा', अंगासमोर आडवी हलवली की 'माझ्याकडे ये', आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांजवळ आणत राहिलं की 'हळू, जोडायचंय'. गंमत म्हणजे आपल्याकडे 'शंटर' हे इंजिनाचं नाव नाहीच, ते माणसाच्या हुद्द्याचं नाव. इंग्लंडात दोघांनाही शंटरच म्हणतात. तिथला माणूस टोकाला आकडा असलेली लांब काठी बाळगायचा आणि दोन वॅगनच्या बफरमध्ये (धक्का झेलणाऱ्या टोकांमध्ये) न शिरता बाहेरूनच साखळीची कडी अडकवायचा किंवा काढायचा. हे काम किती जोखमीचं आहे ते त्या काठीवरून कळावं.

साखळीच्या कपलिंगमध्ये, म्हणजे वॅगन जोडणाऱ्या साखळीत, ढिलाई असते, आणि तिचा फायदाही होतो. इंजिन पुढं सरकलं की आधी पहिल्या वॅगनची साखळी ताणली जाते, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या वॅगनची. सगळी गाडी एकदम उचलावी लागत नाही. पण ड्रायव्हरनं हिसका दिला तर तीच ढिलाई शेवटच्या वॅगनपर्यंत दणके देत जाते आणि कपलिंग तुटू शकतं. चांगला शंटिंग ड्रायव्हर आवाजावरून ओळखावा. त्याच्या गाडीचे ठोके एकसारखे पडतात.

नाकाखालचं इंजिन हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. सहा सिलिंडर, एका रांगेत. प्रत्येकाचा व्यास १० इंच आणि दट्ट्याची धाव १२ इंच. हिशेब केला तर सहा सिलिंडरची मिळून क्षमता ९२ लिटरच्या वर जाते. आजच्या मालट्रकचं सहा-सात लिटरचं इंजिन अडीचशे अश्वशक्ती सहज देतं, आणि हे ९२ लिटरचं धूड देतं ३५०! आळशीपणाचा कळस म्हणावा. पण हा आळस ठरवून केलेला आहे. टर्बोचार्जर नाही. पूर्ण जोरातही मिनिटाला ६८० फेरे, म्हणजे मोटारसायकल चौकात उभी असताना जेवढे फेरे मारते त्याहूनही कमी. प्रत्येक भागावर ताण इतका थोडा की झीज जवळपास होतच नाही. चालू करायलाही वेगळा स्टार्टर नाही. बॅटरीची वीज उलटी जनित्रात सोडली की तेच मोटार बनून इंजिनाला फिरवतं.

आणि मग ते उभं राहतं. कामाच्या पाळीतला फार मोठा वेळ हे इंजिन नुसतं धडधडत उभं असतं. वाफेच्या तुलनेत ते स्वस्तच पडतं, म्हणून सुरुवातीला कुणी तक्रार केली नाही. पण उभं राहणं म्हणजे फुकट नव्हे. टाकीत सुमारे तीन हजार लिटर डिझेल मावतं आणि त्यातलं बरंचसं एकही वॅगन न हलवता जळतं. थंडीत तर इंजिन बंद केलं तर सकाळी चालू होईल की नाही या धास्तीनं रात्रभर चालू ठेवायची सवय जगभरच्या डिझेल शेडमध्ये होती. ज्या गुणासाठी त्याला आणलं, पुढं तोच त्याचा दोष ठरला.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण टिन्स्लीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६५ मध्ये शेफिल्डजवळ टिन्स्ली इथं मोठं हंप यार्ड सुरू झालं. हंप म्हणजे मुद्दाम उभारलेली टेकडी. इंजिन मागून गाडी टेकडीवर ढकलतं, माथ्यावर वॅगन सोडतात आणि त्या उतारानं आपोआप घरंगळत आपापल्या रुळावर जातात. अडचण अशी की टिन्स्लीच्या चढावर एका क्लास ०८ चा जोर पुरेना, आणि लांब, मोठं इंजिन आणावं तर टेकडीच्या माथ्यावर त्याचं पोट टेकणार. तोडगा अगदी गॅरेजवाल्याला सुचावा तसा निघाला. दोन इंजिनं कायमची जोडली, मागच्याची केबिन कापून टाकली, वजनासाठी जादा लोखंड भरलं आणि एकाच ड्रायव्हरच्या हाती दोन्ही दिली. अशा तीन जोड्या केल्या. त्यांना क्लास १३ हा वेगळा क्रमांकही मिळाला. यंत्र उत्तम चाललं. पण टिन्स्ली बांधलं जात असतानाच सुटी वॅगन पाठवण्याचा धंदा ट्रकवाल्यांकडे चालला होता. दोन दशकांत त्या टेकडीचं काम संपलं आणि जोड्याही मोडीत गेल्या.

याच घराण्यातली इंजिनं नेदरलँड्समध्येही वर्षानुवर्षं राबली. आपल्याकडे मात्र वेगळी वाट निघाली, तीही दोन फाट्यांची. नावांची फोड सोपी आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून डब्ल्यूडीएस-४ बनू लागलं. तीन आस, बाहेर दांडे, सहाशे ते सातशे अश्वशक्ती. दिसायला क्लास ०८ चं चुलत भावंड. पण आत विजेऐवजी तेलाच्या दाबानं ताकद पोहोचवणारी हायड्रॉलिक यंत्रणा. तिचं फिरणं एका आडव्या दांड्याकडून बाहेरच्या दांड्यांना आणि तिथून चाकांना मिळायचं.

दुसरा फाटा वाराणसीचा. डब्ल्यूडीएस-६ मध्ये दांडे गेले, सहा आस आले आणि प्रत्येकाला आपापली मोटार मिळाली. वजन १२६ टनांच्या आसपास. मेन लाइनच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या घराण्याचं सोळा सिलिंडरचं इंजिन होतं; त्याच घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन इथं बसवलं, साधारण १३५० ते १४०० अश्वशक्तीचं. सुटे भाग, मिस्त्री, शेड सगळं सामाईक झालं. एवढं अवाढव्य इंजिन शंटिंगला कशाला, असं एखाद्या ब्रिटिश ड्रायव्हरला वाटेल. आपला कोळशाचा भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, चार हजार टनांच्या पुढं जातो हे त्यानं पाहिलेलं नसतं. पोलाद कारखाने, बंदरं, वीज केंद्रं यांनीही ही इंजिनं घेतली. त्यांच्या साइडिंगमध्ये, म्हणजे आवारातल्या रुळांवर, रेल्वेचं राज्य संपतं आणि तिथून पुढं वॅगन त्यांनाच हलवाव्या लागतात.

शंटिंगच आता ओसरत चाललंय. मालगाडी एका खाणीतून निघते ती अख्खीच्या अख्खी एका वीज केंद्रात जाते. मध्ये तोडजोड नाही. कंटेनर क्रेननं उचलला जातो. वंदे भारतसारख्या गाड्यांना दोन्ही टोकांना केबिन असते, इंजिन फिरवायचा प्रश्नच मिटला. दौंडलाही बाहेरूनच वळणारी कॉर्ड लाइन आली. उरलेल्या कामात मेन लाइनवरून उतरलेली जुनी डिझेल इंजिनं वापरली जातात आणि नवे बॅटरीवरचे शंटर येऊ लागलेत. बॅटरीचा शंटर उभा असताना काहीच जाळत नाही, त्यामुळे मला तो योग्य वारस वाटतो. त्याला वजनही हवंच असतं, आणि बॅटऱ्या आयत्याच जड.

तरी ब्रिटनमध्ये काही क्लास ०८ आजही पगारी नोकरीत आहेत, सत्तरीच्या आसपासच्या वयात. त्यातली बरीच नव्या विजेच्या गाड्यांच्या डेपोंमध्ये दिसतात. दुरुस्तीच्या शेडमध्ये डोक्यावरच्या तारेत वीज ठेवत नाहीत, कारण माणसं गाडीच्या छतावर काम करत असतात. मग ताशी दोनशे किलोमीटर धावणारी गाडी शेडच्या दाराशी खोळंबते. बाजूच्या रुळावर धडधडत असलेलं जुनं इंजिन येतं, मधोमध खास कपलिंग लावलं जातं, खालचा माणूस हात वर-खाली करतो, आणि ते तिला चालीच्या वेगानं आत ढकलतं.